आळशी म्हणण्याआधी

हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा, बेसा या आपल्या भागातल्या घरांना हे सांगणं आहे. ज्यांच्या घरी कुणाच्या डोक्याला मोठा मार लागला, कुणाला मनाचा आजार झाला, किंवा ज्यांचं मूल समजण्यात मागं पडतं, त्यांनी हे सावकाश वाचावं. बाकीच्यांनीही वाचावं. ती घरं तुमच्याच लेआउटमध्ये आहेत.

असं होतं बघा. मुलगा उमरेड रोडवर गाडीवरून पडतो. मेडिकलमध्ये भरती होतो. टाके पडतात, टाके निघतात, सुट्टी मिळते. नातेवाईक भेटून जातात. सगळे म्हणतात, वाचला बाप्पा! तीन महिन्यांनी त्याच घरात भांडणं सुरू होतात. "दिवसभर पडून राहते." "सांगितलेलं ध्यानात ठेवत नाही." "आधी असा नव्हता, आता जरा बोललं की अंगावर येते."

दुसऱ्या घरात बहिणीला स्किझोफ्रेनिया असतो. गोळ्यांनी कानातले आवाज थांबतात. घरच्यांना वाटतं, बरी झाली. पण ती गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. आंघोळीला जा म्हटलं तर तासभर बसूनच राहते. तिसऱ्या घरात चौथीतलं पोट्टं फळ्यावरचं उतरवत नाही, आणि रोज संध्याकाळी मार खातं.

तिन्ही घरांत एकच शब्द वापरला जातो. आळशी.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की हा शब्द वापरण्याआधी थांबा. लक्ष देणं, आठवणीत ठेवणं, कामाला सुरुवात करणं, एकामागून एक पायऱ्या लावणं, राग आवरणं, ही सगळी मेंदूची कामं आहेत. मेंदूला मार लागला, आजार झाला, किंवा त्याची वाढ वेगळ्या तऱ्हेनं झाली, तर ही कामं मंदावतात. अंगावर काही दिसत नाही, म्हणून घरच्यांना तो स्वभाव वाटतो. दुखणं राहतं बाजूला आणि माणूस बोलणी खातो.

आता हे ओळखायचं कसं? आठ दिवस नुसतं बघा. काही बोलू नका. तुमच्या माणसाला सुरुवात करायला जड जातं का? मध्येच कुणी बोललं की हातातलं काम सुटतं का? सकाळी ठीक आणि दुपारी बारानंतर थकून जातो का? पाहुण्यांच्या गर्दीत, टीव्हीच्या आवाजात जास्त चिडतो का? जुनं सगळं आठवतं, पण सकाळी सांगितलेलं आठवत नाही, असं आहे का? यातलं दोन-तीन जरी दिसलं, तरी तारीख घालून वहीत लिहा. ही वही पुढं डॉक्टरांकडे फार उपयोगाची पडते.

एक साधा प्रसंग घ्या. त्याला चौकात पाठवलं. सांगितलं, तेलाचं पाकीट आण, सांबार आण, हिरव्या मिरच्या आण, आणि येताना गिरणीतून दळण घेऊन ये. तो अर्ध्या तासानं फक्त मिरच्या घेऊन आला. आई म्हणाली, "काहून रे, ध्यान कुठं राहते तुझं?" तो पिशवी आपटून आत निघून गेला.

यात झालं काय? कानांनी चारही गोष्टी ऐकल्या. पण चार गोष्टी एकदम धरून ठेवायची मेंदूची ताकद आज कमी आहे. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं, दोन शब्द बोललं, आणि तीन गोष्टी निसटल्या. त्यालाही घरी आल्यावरच ते कळलं. म्हणून त्यानं पिशवी आपटली. तो राग आईवरचा नव्हता.

उद्या त्याला चिठ्ठी द्या. चिठ्ठीत वस्तू रस्त्याच्या क्रमानं लिहा. आधी गिरणीत डबा ठेवायचा, मग किराणा, मग भाजी, येताना डबा उचलायचा. प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन काढा आणि बरोबर पेन द्या. काम झालं की खूण करायची. पहिले काही दिवस सोबत जा, मग चार पावलं मागं राहा, मग एकटं जाऊ द्या. चारपैकी तीन वस्तू आणल्या तर तीन आणल्या म्हणा. चौथीचा उल्लेख नंतर.

चहाचंही असंच. "चहा कर" हे तुम्हाला एक काम वाटतं. मोजून बघा. छोटा गंज काढणं, पाणी मोजणं, गॅस लावणं, साखर, पत्ती, दूध, उकळी बघणं, गॅस बंद करणं, गाळणं. नऊ पायऱ्या झाल्या. ज्याचा मेंदू पायऱ्या लावत नाही, तो ओट्याशी नुसता उभा राहतो. ओट्यावर, डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरात या पायऱ्या लिहून चिकटवा. "गॅस बंद" ही ओळ लाल शाईनं लिहा. पत्ती आणि साखरेचे डबे रोज एकाच जागी ठेवा. सणाच्या साफसफाईत ते हलवू नका. घरातल्या वस्तूंची जागा बदलली की अशा माणसाला पहिल्यापासून शिकावं लागतं.

एका वेळी एकच गोष्ट सांगा. हळू सांगा. सांगितल्यावर त्याच्याकडून वदवून घ्या. सांगताना टीव्ही बंद करा. गोळ्यांसाठी, आंघोळीसाठी, जेवणासाठी मोबाईलमध्ये गजर लावा. महत्त्वाची कामं सकाळी ठेवा. दुपारी झोपू द्या. आणि रोजचा क्रम एकच ठेवा. सवय झालेल्या कामाचा डोक्यावर जोर पडत नाही.

अमेरिकेत 1848 साली फिनिअस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची लोखंडी पहार आरपार गेली. माणूस वाचला. चालू लागला, बोलू लागला. पण ओळखीचे म्हणू लागले, हा आमचा गेज नाही. चिडका झाला, ठरवलेलं पार पाडेना. एवढी गोष्ट डॉक्टरीच्या पुस्तकांतून जगभर गेली. पुढची कमी लोकांना ठाऊक आहे. हाच गेज नंतर चिलीला गेला आणि तिथं अनेक वर्षं घोडागाडी हाकत राहिला. घोडे जुंपायचे, ठरलेल्या वाटेनं न्यायचे, उतारू सांभाळायचे. रोज तेच काम, त्याच क्रमानं. अशा नेमाच्या कामानंच तो पुष्कळ सावरला असावा, असं अभ्यासकांना वाटतं. आपल्या घरच्या माणसासाठी हाच भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

डोक्याच्या माराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्या भागात गाड्या फार आणि हेल्मेट कमी.

गाडी अचानक थांबते तेव्हा कवटीही थांबते, पण आतला मेंदू पुढं जाऊन हाडावर आपटतो. त्यामुळे मार मागून बसला तरी कपाळामागच्या भागाला इजा होऊ शकते. सुरुवात करणं, आखणी करणं, राग गिळणं ही कामं तोच भाग करतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मेंदूतले बारीक धागे ताणले गेले असतील तर ते पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे" हे ऐकून डोकं पहिल्यासारखं झालं असं धरू नका.

धीरही सोडू नका. मार हलका असेल तर बहुतेक माणसं काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत ठीक होतात. मोठ्या मारानंतर पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते, मग हळू होते, पण वर्ष-दोन वर्षं चालू राहते. या काळात दारू पूर्ण बंद. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवायला देऊ नका, तो कितीही रागावला तरी. आणि डोक्याला दुसरा मार लागू देऊ नका. पहिला भरून यायच्या आत दुसरा बसला तर नुकसान फार होतं.

मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी झाली, झोप वाढत गेली, फिट आली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही गळलं, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. मेडिकलचं ट्रॉमा केअर सेंटर आपल्यापासून जवळ आहे. फिट आली तर कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि किती मिनिटं चालली ते घड्याळात बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. मार लागलेला नसला, तरी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर लगेच दवाखाना.

हेल्मेटनं डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. मागं बसणाऱ्यालाही ते लागतं, कायदाही तेच सांगतो. पट्टा लावलेला नसेल तर हेल्मेट पडताना आधीच उडून जातं. दूध आणायला म्हाळगीनगर चौकापर्यंतच जायचं असलं तरी घाला.

आजी-आजोबांच्या घरांनी हे विसरू नका. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरतं. डोकं भिंतीला जरासं लागतं. टेंगूळही येत नाही. आपण हळद लावतो आणि विसरतो. तीन आठवड्यांनी, कधी दीड-दोन महिन्यांनी, आजोबा गोंधळू लागतात. झोपाळू होतात, तोल जातो, नातवाचं नाव चुकतं. घरचे म्हणतात, वय झालं. पुष्कळदा आत कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका जास्त. स्कॅन केला की कळतं, आणि छोट्या ऑपरेशननं पुष्कळ म्हातारी माणसं परत भानावर येतात. म्हणून अचानक वाढलेल्या विसराळूपणाला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका.

थायरॉईड बिघडला, बी-12 कमी झालं, रक्तातलं मीठ उतरलं, साखर वरखाली झाली, तरी डोकं चालेनासं होतं. उदासीनं ग्रासलेलं म्हातारं माणूसही स्मृतिभ्रंश झाल्यासारखं वागतं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही म्हाताऱ्यांची आठवण मंदावते. ही सगळी बरी होणारी कारणं आहेत. साध्या रक्ततपासणीत आणि गोळ्यांच्या पिशवीत ती सापडतात. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. आयुर्वेदिक पुड्यासुद्धा.

खरा स्मृतिभ्रंश असेल तर वेगळी काळजी लागते. 'अस्तु' या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी संस्कृतच्या अशाच एका जाणकाराचं काम केलं आहे. ते हत्तीच्या मागं जातात आणि हरवतात. आपल्याकडे हत्ती लागत नाही. नव्या लेआउटमधली घरं एकसारखी, फाटकं एकसारखी, गल्ल्या एकसारख्या. संध्याकाळी फिरायला निघालेले आजोबा दोन गल्ल्या चुकले की संपलं. त्यांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. सदऱ्याच्या आत शिवली तर आणखी बरं. फाटकाला वेगळा, उठून दिसणारा रंग द्या. अलीकडचा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. हरवले तर तासभर आपणच शोधत बसू नका. 112 ला कळवा, हुडकेश्वर पोलीस ठाण्यात सांगा.

आता मनाच्या आजाराकडे येऊ.

स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कॉलेजात, नोकरीच्या पहिल्या वर्षांत. गोळ्यांनी भास, आवाज, संशय पुष्कळ आवरतात. पण लक्ष, आठवण आणि कामाचा वेग यांवर गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही. हे डॉक्टरांच्या गडबडीत सांगायचं राहून जातं, आणि घरचे वाट बघत बसतात. मग कंटाळून कुणी म्हणतं, "गोळ्यांनीच सुस्त केलं, बंद करा." असं परस्पर बंद करू नका. सुस्ती गोळीची असू शकते, आजाराची असू शकते. ते डॉक्टर ठरवतील, मात्रा कमी-जास्त करतील. मेंदूला सराव देण्याच्या पद्धतीही आहेत. लक्ष आणि आठवणीचे व्यायाम मानसशास्त्रज्ञ करून घेतात. त्यांना थेट विचारा, "आवाज थांबले, पण हिला काम सुचत नाही. त्यासाठी काय करता येईल?" प्रश्न असा नेमका विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

मोठ्या उदासीच्या आजारात बाई भाजी कोणती करायची हेही ठरवू शकत नाही. तिला रोज "काय करू?" म्हणायला लावू नका. "वरण-भात आणि वांग्याची भाजी" असं आदल्या रात्री फळ्यावर लिहून ठेवा. पुरुषांनो, हे काम तुम्ही करा. विजेचे उपचार घेतले असतील तर काही दिवस-आठवडे विसरायला होतं. ते बहुतेक भरून येतं. त्या दिवसांत तिच्या हातात पैशांचे व्यवहार, दागिन्यांची किल्ली देऊ नका, म्हणजे पुढं संशयाला जागा राहत नाही.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचं मात्र नीट ऐका. मूड वरखाली होण्याच्या आजारात लिथियम नावाची गोळी देतात. चांगली गोळी आहे. पण अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. एप्रिल-मेमध्ये घाम, जुलाब, उपास, उन्हातलं काम यांनी हे होऊ शकतं. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब लागले, चाल लडखडली, बोलणं जड झालं, डोकं गोंधळलं, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठा. तसंच मनाच्या आजाराच्या इतर काही गोळ्यांनी घाम कमी येतो, आणि अशा माणसाला उष्माघात लवकर होतो. उष्माघातानंही मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुपारी त्यांना बाहेर पाठवू नका. कूलरमध्ये पाणी भरायचं काम त्यांच्यावर सोडून निश्चिंत होऊ नका. तहान लागो न लागो, पाण्याचा तांब्या भरून समोर ठेवा. डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्याही लिथियमबरोबर परस्पर देऊ नका.

देवाला जायचं तर जरूर जा. गोळ्या सोबत न्या. पण भूत काढतो म्हणून कुणी मारत असेल, साखळीनं बांधत असेल, तर तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आता मुलांचं. आधी कान आणि डोळे तपासा. ऐकूच कमी येत असेल तर मार खाऊन पोरगं हुशार होणार नाही. दोन वर्षांचं मूल हाकेला बघत नसेल, बोट दाखवत नसेल, दोन शब्द जोडत नसेल, तर अंगणवाडी ताईंना सांगा. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी करणारं पथक येतं. पुढच्या उपचाराची चिठ्ठी तेच देतात. "मुलगे उशिरा बोलतात" असं म्हणणाऱ्या मावशीचं ऐकून वर्ष घालवू नका. पहिल्या काही वर्षांत दिलेला सराव सगळ्यात जास्त लागू पडतो.

तिसरी-चौथीत वाचताना अक्षरं गळतात, बोलताना चुणचुणीत पण लिहिताना अडकतं, तर शिकण्यातली अक्षमता असू शकते. जागेवर बसतच नसेल, ऐकलेलं वाक्य पुरं व्हायच्या आत उठत असेल, तर लक्षाचा आजार असू शकतो. तपासणी करून सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. दहावी-बारावीला बोर्ड जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती देतं. ही धावपळ दहावीच्या जानेवारीत करू नका. आठवी-नववीतच शाळेकडे कागद द्या.

सिकलसेलच्या मुलांच्या आईवडिलांना एक खास सांगणं. नागपुरात हा आजार 1950 च्या दशकातच नोंदला गेला, आणि विदर्भात तो पुष्कळ घरांत आहे. आपण अंगदुखी आणि रक्त चढवणं एवढंच बघतो. पण काही मुलांच्या मेंदूत रक्ताचा पुरवठा थोडाथोडा अडतो, बाहेर काही दिसत नाही, आणि मूल अभ्यासात मागं पडू लागतं. असं वाटलं तर डॉक्टरांना "मार्कं घसरली" हेही सांगा. त्यांच्या दृष्टीनं ते लक्षण आहे. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी चालू असेल तर ती चुकवू नका.

आता जायचं कुठं? मेडिकल आणि मेयो दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. मानकापूरकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला पडतं, पण तिथंही ओपीडी आहे. सकाळी जाऊन दुपारी घरी येता येतं. तिथं गेलं म्हणजे ठेवूनच घेतात, ही भीती काढून टाका. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर 14416 लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री चालते, मराठीत बोलतात. रुग्णानंच फोन करावा असं काही नाही. थकलेल्या आईनं, बायकोनंही करावा.

डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. "हा असाच करतो" असं सांगू नका. "मंगळवारी गॅस चालू राहिला, शुक्रवारी शाळेतून मुलीला आणायला विसरला" असं सांगा. आठवण, लक्ष, आखणी यांची परीक्षा मानसशास्त्रज्ञ घेतात. ती करून घ्या आणि तिचा कागद मागून घ्या.

हा कागद का हवा ते सांगतो. अपघाताची भरपाई मागताना मोडलेल्या हाडाचे कागद प्रत्येकाकडे असतात, विसरण्याचे नसतात. मग कोर्टात पाय दिसतो, डोकं दिसत नाही. मोटार अपघाताच्या दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलाला लवकर भेटा. सरकारी नोकरी असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही उतरवता येत नाही. कुणी दबाव आणला म्हणून राजीनामा लिहून देऊ नका. आधी कायदा दाखवा. याच कायद्यात मनाचा आजार, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, शिकण्यातली अक्षमता यांसह 21 प्रकार आहेत. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा. 40 टक्के किंवा जास्त नोंद झाली तर बहुतेक योजनांची दारं उघडतात. आरोग्य विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा, असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. विमा कंपनी नाही म्हणाली तर लेखी नकार मागा.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल अठरा वर्षांचं होत आलं असेल तर कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी स्थानिक समिती असते. अशा मुलांसाठी एक लाखापर्यंतचा निरामय आरोग्य विमाही आहे.

घरात सांभाळणारी बहुधा एकच बाई असते. सासू नाही तर सून, आई नाही तर बहीण. तिची झोप, तिचं जेवण, तिचं माहेर सगळं मागं पडतं. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी द्या. दीरांनो, जावयांनो, त्या दुपारी तुम्ही बसा. तिचा कधी तोल सुटला तर तिला वाईट ठरवू नका. मात्र आजारी माणसाच्या हातून मारझोड होत असेल तर ती पदरात झाकू नका. डॉक्टरांना सांगा, राग कमी करण्याचे उपचार आहेत.

आणि शेजाऱ्यांना, दुकानदारांना, ऑटोवाल्या भावांना हात जोडून विनंती. तुमच्या गल्लीतला तो मुलगा एकच गोष्ट तीनदा विचारायला आला तर तीनदा सांगा. पैसे मोजताना गोंधळला तर घाई करू नका, उरलेले त्याच्या हातावर मोजून द्या. चिठ्ठी घेऊन आला तर चिठ्ठीवर हसू नका. पोरांना त्याच्या मागं लागू देऊ नका. एखादे आजोबा दोनदा तुमच्याच फाटकासमोर थांबले तर विचारा, "काकाजी, कुणाकडे जायचं आहे?" आणि त्यांच्या घरी फोन करून ते येईपर्यंत त्यांना सावलीत बसवा. 14416 आणि 108 हे दोन नंबर आजच दाराच्या मागं लिहून ठेवा.